बारा ते एक, फक्त महिला

सुमनबाई कापगते कोणालाच पाण्यात उतरायचा आग्रह करत नसत. नवीन बाई आली की तिला उथळ टोकाला काठावर बसवायच्या, सलवार पोटरीच्या वर सारायला लावायच्या आणि पाय पाण्यात सोडायला सांगायच्या. "बस," एवढंच म्हणून त्या दुसरीकडे निघून जायच्या. तीन दिवस हाच अभ्यास. चौथ्या दिवशी ती बाई आपणच विचारायची, "आता उतरू का?"

"मी कधी नाही म्हटलं?" हे सुमनबाईंचं ठरलेलं उत्तर.

भिलाईच्या एका सेक्टरमधल्या आमच्या कर्मचारी क्लबात मी वाचनालय सांभाळत होते. क्लब म्हणजे एक मोठा हॉल, दोन कॅरम बोर्ड, एक टेबल टेनिसचं टेबल, बॅडमिंटनचं कोर्ट, महिन्यातून एकदा तंबोला, वर्षातून एकदा सहल आणि मागच्या बाजूला एक स्विमिंग पूल. पूल फक्त एप्रिल ते जून भरलेला असायचा. बाकीचे महिने त्यात आंब्याची पानं पडायची आणि कॅरमवाले काठावर बसून शेंगा खायचे. वाचनालयाची एकुलती एक मोठी खिडकी या पुलाकडे उघडत होती. त्यामुळे मी जे सांगते आहे ते बरंचसं खिडकीतून पाहिलेलं आहे.

सुमनबाई पुलाला टाकी म्हणत. त्या साकोलीच्या पुढच्या, तळ्यांच्या मुलखातल्या. गावच्या तलावात पोहत मोठ्या झालेल्या बाईला हा पूल टाकीच वाटणार. हळूहळू क्लबातले सगळेच टाकी म्हणायला लागले.

बुटक्या, काळ्यासावळ्या, खांद्यांनी रुंद. केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया ओढल्यासारख्या दिसत. चष्म्याला दोरी. स्टील प्लांटच्या एका शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एका विभागात, त्या टूल रूमवर होत्या. नवरा रोलिंग मिलमध्ये होता, काविळीनं गेला, त्याच्या जागी यांना नोकरी लागली. मूलबाळ नव्हतं. क्वार्टरमध्ये त्या आणि त्यांची म्हातारी सासू, दोघीच. सासूला त्या मामी म्हणत. आमच्याकडच्या जुन्या बायांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलत. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'लायब्ररी' होते.

छत्तीसगड राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. क्लबाच्या वार्षिक सभेत हॉलच्या पडद्यांवर चर्चा चालली होती. हिरवे की मरून, यावर अर्धा तास गेला. मग मागच्या रांगेतून सुमनबाई उभ्या राहिल्या.

"टाकी कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

क्लबाचे सेक्रेटरी तिवारीजी हसले. "कापगते मॅडम, क्लब की है। सबकी है।"

"मंग बाया कावून नाही जात?"

तिवारीजी मराठी पाड्यातच वाढलेले, त्यांना सगळं समजायचं, पण बोलायचे हिंदीच. त्यांनी अडचणी सांगितल्या. कपडे बदलायला खोली नाही. लेडीज कोच कुठून आणायचा? आणि महत्त्वाचं म्हणजे, येणार कोण?

"मी शिकवतो," सुमनबाई म्हणाल्या. "खोली म्हणाल तं बॅडमिंटनचं सामान ठेवता ते आहे. सामान बाहेर काढा."

"आपको आता है?"

"येते."

सभेत हशा पिकला. तिवारीजी सभ्य माणूस होते. त्यांनी हसू आवरलं आणि म्हणाले, एकदा कमिटीला दाखवा, मग बघू.

पुढच्या रविवारी सकाळी कमिटीचे तिघं काठावर खुर्च्या टाकून बसले. चहा आला. सुमनबाईंनी साडीचा काचा मारला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि शिडीवरून उतरल्या. उडी नाही, आवाज नाही. डोकं पाण्याबाहेर ताठ ठेवून त्या निघाल्या. हात दिसत नव्हते, पाय दिसत नव्हते. पाण्यावरून फक्त एक अंबाडा सरकत होता. या टोकाला गेल्या, वळल्या, त्या टोकाला आल्या. चौथ्या फेरीला एक मेंबर म्हणाला, "ठीक आहे, समजलं." त्यांना बहुतेक ऐकू गेलं नाही. तिवारीजींचा हिशेब चौदाव्या फेरीपाशी चुकला. त्या बाहेर आल्या तेव्हा श्वाससुद्धा फारसा चढला नव्हता.

"चहा थंडा झाला तुमचा," त्या म्हणाल्या.

नंतर चष्मा परत देताना मी विचारलं, डोकं असं वर का ठेवता? तेव्हा कळलं, की लहानपणी बापाची शिदोरी शेतावर न्यायचं काम त्यांच्याकडे होतं. शेत तलावाच्या पलीकडे. वळसा घातला तर खूप लांब पडायचं. मग शिदोरी फडक्यात गुंडाळून डोक्यावर बांधायची आणि पोहत जायचं. "भात भिजला तं बाबा खात नव्हता," त्या म्हणाल्या. एवढंच त्यांचं प्रशिक्षण.

दुपारी तीन ते चार हा तास बायकांना मिळाला. पहिल्या आठवड्यात चार जणी आल्या. दोघी पाहायला, एक सोबत म्हणून, आणि सुमनबाईंच्या शेजारच्या क्वार्टरमधली रामबती साहू. रामबतीला गुडघेदुखी होती आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. ती काठ धरून उभी राही आणि म्हणे, "दीदी, मोला डर लागथे."

"लागू दे," सुमनबाई म्हणत. "मी काय त्याले हाकलून लावू?"

दुसऱ्या आठवड्यात सुमनबाई सासूला घेऊन आल्या. मामी ऐंशीच्या घरात होत्या. नऊवारी लुगडं, पायांवर जुन्या साखळ्यांचे वळ, दोन्ही गुडघे आखडलेले. रिक्षातून उतरवायलाच दोन माणसं लागली. दारावरच्या चौकीदारानं विचारलं, मेंबर आहेत का? सुमनबाईंनी पर्समधून कार्ड काढलं. प्लांटच्या वैद्यकीय कार्डावर त्यांच्या आश्रितांत एकच नाव होतं, सासूचं.

मामींना त्यांनी पाठीला आधार देत उथळ पाण्यात नेलं. पाणी छातीपर्यंत आल्यावर म्हातारी एकदम हलकी झाली. तिचे पाय आपोआप सरळ झाले. ती म्हणाली, "सुमन, माह्ये पाय कोठी गेले वो?"

"आहेत ना जाग्यावर. वजन गेलं त्याहिचं."

मामी रोज यायला लागल्या. पाण्यात बसून गावच्या गोष्टी सांगायच्या. घरी परत नेताना मात्र कुरकुर करायच्या. ऐंशी वर्षांची म्हातारी टाकीत बसते ही बातमी सेक्टरभर झाली, आणि पुढच्या आठवड्यात अकरा जणी झाल्या. महिना संपेपर्यंत तेवीस. गुडघेवाल्या, पाठवाल्या, लठ्ठपणावाल्या, आणि दोन-तीन जणी ज्यांना काहीच झालं नव्हतं. त्यांच्यावर सुमनबाईंचा थोडा राग असे. "तुले काय दुखते?" त्या विचारत. ती म्हणे, काही नाही, मजा म्हणून. "मंग ते दुखणाऱ्याहिले जागा दे आधी."

त्या प्रेमळ नव्हत्या, हे सांगायला पाहिजे. कौतुक करत नसत. पहिल्यांदा हातपाय मारून दहा फूट गेलेली बाई आनंदानं वळून पाहायची, तेव्हा सुमनबाईंचं लक्ष दुसऱ्याच कोणाकडे असायचं. त्यांचं लक्ष खरं म्हणजे कोणा एकीकडे नसायचंच. त्या मोजत असायच्या. बोलता बोलता मध्येच थांबून त्या डोकी मोजायच्या. "तेवीस," स्वतःशीच म्हणायच्या आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे न्यायच्या.

टूल रूममध्ये पाना किंवा ड्रिल नेणारा कामगार आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला ठेवून जातो. वस्तू परत आली की बिल्ला परत. सुमनबाईंनी तसेच जुने बाद झालेले बिल्ले मागून आणले, एका फळीवर खिळे ठोकले आणि फळी टाकीच्या दाराशी लावली. पाण्यात उतरताना आपला बिल्ला फळीवरून काढून गळ्यात घालायचा, निघताना परत टांगायचा. फळी भरली की मग त्या दाराला कुलूप लावत.

एका दुपारी सात नंबरचा खिळा रिकामा राहिला. सात नंबर एका नव्या सुनेचा होता. सगळ्या म्हणाल्या, ती गेली, आम्ही जाताना पाहिली. एकीनं तर तिनं रिक्षा कुठे पकडली तेही सांगितलं. सुमनबाईंनी ऐकून घेतलं आणि परत पाण्यात उतरल्या. खोल टोकाला बुडी मारून त्यांनी तळ हातांनी चाचपला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. तळ स्वच्छ दिसत होता, निळ्या फरशा मोजता येत होत्या. तरी चाचपला. मग ओल्या कपड्यांवर टॉवेल टाकून त्या सायकलवर बसल्या आणि दोन सेक्टर पलीकडे त्या सुनेच्या क्वार्टरला गेल्या.

हे पुढचं त्या सुनेनंच मला सांगितलं. ती भेंडी चिरत बसली होती. दार उघडलं तर समोर सुमनबाई, अंगावरून पाणी गळत होतं. त्यांनी हिच्याकडे खालून वर पाहिलं आणि हात पुढे केला. हिला आधी समजलंच नाही. मग पर्समधला बिल्ला आठवला. सुमनबाई बिल्ला घेऊन निघाल्या. सासू आतून म्हणाली, चहा तरी घ्या. "घरी आहे हे दिसलं, बस," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सुनेला आठ दिवस काठावर बसायची शिक्षा झाली, आणि ती तिनं भोगली.

मी एकदा विचारलं, एवढं का करता? सगळ्या सांगत होत्या ना, ती गेली म्हणून?

"टूल रूममधून एक पाना कमी असला तं मले घरी जाता येत नाही," त्या म्हणाल्या. "हे तं बाया आहेत."

दुसऱ्या उन्हाळ्यात तक्रारी आल्या. बॅडमिंटन कोर्टावर बायकांच्या हसण्याचा आवाज येतो. भिंतीवरून दिसतं. मुलांची स्पर्धा आहे, त्यांना दुपारी सराव पाहिजे. कमिटीनं ठराव केला, तीन ते चार मुलांना आणि बायकांना बारा ते एक. कारण फार सभ्य होतं. पण बारा वाजता सुमनबाई टूल रूममध्ये असतात, त्यांची कायमची पहिली पाळी आहे, दोनला सुटतात, हे कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि मे महिन्यात बारा वाजता भिलाईत कुत्रंसुद्धा सावलीतून उठत नाही.

ती नोटीस मीच टाइप केली आणि मीच फळ्यावर लावली. सुमनबाईंनी चष्मा वर करून ती वाचली. मी वाट पाहत होते, काहीतरी बोलतील.

"'फक्त महिला' बरोबर लिहिलं आहेस," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सोमवारी बाराला दहा कमी असताना त्या दारात हजर. सायकलच्या मागे ताडपत्रीची गुंडाळी. रामबतीच्या नवऱ्यानं आणि चौकीदारानं मिळून ती ताडपत्री उथळ भागावर बांधली. पहिल्या दिवशी नऊ जणी आल्या, डोक्याला ओले टॉवेल गुंडाळून. पण मला कोडं पडलं, की ही बाई या वेळी इथे कशी?

ते कोडं त्यांच्या टूल रूममधल्या एकानं सोडवलं. तो पुस्तक बदलायला आला होता. "मॅडमनं दुसरी पाळी मागून घेतली ना," तो म्हणाला. "साहेबच चक्रावले. सोळा वर्षं बाईनं पहिली पाळी सोडली नाही."

सोडली नव्हती ती मामींमुळे. दिवेलागणीनंतर म्हातारीला एकटीला भीती वाटायची. दुसरी पाळी म्हणजे दोन ते दहा. संध्याकाळी मामींजवळ कोण बसतं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी रामबतीकडे बोट केलं. रामबती तोवर खोल टोकापर्यंत जाऊन यायला लागली होती. त्या दोघींत याबद्दल काय बोलणं झालं कोणाला माहीत नाही. रामबती संध्याकाळी आपली भाजी मामींच्या पुढ्यात बसून निवडायची, एवढंच शेजाऱ्यांना दिसायचं.

पंधरा दिवसांत नऊच्या एकोणतीस झाल्या. हे कमिटीला अपेक्षित नव्हतं, आणि मला वाटतं सुमनबाईंनाही नव्हतं. कारण साधं होतं. पहिल्या पाळीचा नवरा दोनला सुटतो. तीन वाजता त्याचं जेवण, त्याची झोप, दारात माणसं. बारा वाजता घरात कोणी नसतं आणि स्वयंपाक झालेला असतो. ज्यांना तीनला कधी निघता आलं नाही, त्या बाराला येऊ शकत होत्या. त्यांतच एक दिवस छत्री घेऊन तिवारीजींच्या पत्नी आल्या. सुमनबाईंनी त्यांनाही तीन दिवस काठावर बसवलं.

जूनच्या सुरुवातीला तिवारीजी स्वतः वाचनालयाच्या व्हरांड्यात आले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "कापगते मॅडम, स्पर्धा हो गई। आप लोग वापस तीन से चार कर लीजिए।"

हा विजय होता. सुमनबाईंना पहिली पाळी परत मिळत होती, मामींची संध्याकाळ परत मिळत होती. त्या म्हणाल्या, "विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्यातच सगळ्यांना थांबवलं. "तीनले कोणाले पाह्यजे? हात वर." सहा हात. "बाराले?" बाकीचे सगळे. फक्त रामबतीचा हात दोन्ही वेळेला खाली होता. ती सुमनबाईंकडे पाहत होती.

सुमनबाईंनी हात मोजले, मग डोकी मोजली. "बरं," त्या म्हणाल्या. तिवारीजींना निरोप गेला, बाराच ठेवा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात त्यांनी दोन-अडीच महिने दुसरी पाळी केली. मी त्यांना याबद्दल कधी बोलताना ऐकलं नाही. एकदाच, क्लबाच्या वार्षिक दिवसाला महिला मंडळानं त्यांचा सत्कार केला, तेव्हा एका बाईनं भाषणात त्याग हा शब्द वापरला. सुमनबाईंनी शाल घेतली, उलटून पाहिली आणि माइकवर म्हणाल्या, "उन्हाळ्यात शाल काय करू? मामीले होईल." आणि खाली उतरल्या.

माझं पोहणं सांगण्यासारखं नाही. मी तीन दिवसांऐवजी दोन उन्हाळे काठावर बसले. त्यांनी मला एकदाही टोकलं नाही. तिसऱ्या वर्षी पाठीवर तरंगायला शिकले, तेही कान पाण्यात गेले की घाबरायची. पुढे काही आलं नाही.

त्या निवृत्त होणार त्या वर्षी प्रश्न आला, की आता बायकांचा तास कोण पाहणार? नियमाप्रमाणे कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. कमिटीनं त्यांनाच बोलावलं. उत्तम पोहणाऱ्या पाच-सहा जणी आता तयार होत्या. तिवारीजींनी त्यांची नावं वाचली. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसले होते.

"लायब्ररीचं लिहा," सुमनबाई म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिवारीजी म्हणाले, "पर इनको तो तैरना आता नहीं।"

"शिकवायले कोणतीही पोरगी भेटते. आजकाल कॉलेजातून शिकून येतात. मोजणारी भेटत नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हिले पाण्याचं भेव वाटते. हे मोजायले विसरणार नाही."

मी नाव लिहिलं. स्वतःचंच असल्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं.

क्वार्टर सोडून त्या भिलाईलगतच्या कुरुदला दोन खोल्यांत राहायला गेल्या. तिथे आता चारही बाजूंनी बांधकामं चालली आहेत. मामी पुढच्याच हिवाळ्यात गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा सुमनबाई मामींची लुगडी घड्या करून ठेवत होत्या. रामबती तिथेच होती. दोघींत बोलणं नव्हतं, काम चाललं होतं. मलाही एक लुगडं घडी घालायला दिलं.

त्यानंतर त्यांनी ठरवलं, की भावाकडे गावी जायचं. निघायच्या दिवशी मी दुर्ग स्टेशनवर गेले. मार्च संपत आला होता. गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. सामान थोडंच, एक ट्रंक आणि दोन पिशव्या. मी खाली प्लॅटफॉर्मवर उभी.

"पाणी भरलं का टाकीत?"

"सोमवारी भरतील."

"नवीन नावं किती?"

"एकोणीस."

"दुखणाऱ्या?"

"सात-आठ."

"त्याहिले पुढे घे."

मी हो म्हटलं. मला आणखी काही बोलायचं होतं. घरून निघताना दोन वाक्यं मनात जुळवूनही आणली होती. पण तेवढ्यात एका बाईनं दुधाची रिकामी कॅन नेमकी डब्याच्या वाटेत ठेवली, आणि सुमनबाईंची नजर तिकडे गेली.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि हात वर केला. सुमनबाई जागेवरून उठल्या होत्या. पाठमोऱ्या, वाकून, ती कॅन सीटखाली सारत होत्या आणि त्या बाईला काहीतरी सांगत होत्या. ती बाई मान डोलावत होती. मग डबा पुढे गेला. मागचे डबे एकामागून एक समोरून गेले आणि त्यांतल्या एका खिडकीतून कोणा अनोळखी म्हातारीनं मला हात हलवून निरोप दिला. मी पण तिला दिला.